भुतास मारू नये

पनवेल, ५ जानेवारी १९५९, सोमवार

काल आनंदबागेत लाकडी घोड्याचं मुंडकं तुटलं. ते ज्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडलं त्याने ते उचलून जगनरावांच्या डोक्यात घातलं. जगनरावांनी तेच मुंडकं परत त्याच्या डोक्यात घातलं. आज सकाळी दोघे दवाखान्यात एकाच बाकावर. टाके डॉक्टरांनी घातले, डोकी मी धरली. कंपौंडरला दोनच हात असतात हे डॉक्टरांना केव्हा कळणार?

जगनराव म्हणजे आमच्या मालूचे थोरले बंधू, माझे मेहुणे. लाकडाची वखार आहे. दिवाळीत त्यांनी तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत 'जगन आनंदबाग' काढली. आत काय, तर गोल चक्रावरचे लाकडी घोडे (त्यातला एक आता बिनडोक), वर गेला की खाली यायचं नाव न घेणारा पाळणा, पेटीत बसलेली एक नागकन्या आणि चहाचं दुकान. पब्लिक येतं, एक फेरी मारतं, बस, एवढंच? असं विचारतं आणि चहा न पिता जातं.

मला मात्र ही बाग आवडते. मनापासून आवडते. दिवाळीपासून एक संध्याकाळ चुकवलेली नाही. मुंबईच्या प्रदर्शनात मी काय काय पाहिलंय! ते सगळं पनवेलीत होऊ शकतं. फक्त डोकं पाहिजे. ते माझ्यापाशी आहे.

जगनराव म्हणाले, शिमग्यापर्यंत गर्दी झाली नाही तर सगळे घोडे होळीत घालतो. आणि जो गर्दी करून दाखवील त्याला मॅनेजर करतो. हे ते सुई कातड्यात असताना बोलले. डॉक्टर म्हणतात, अशा वेळचं बोलणं धरायचं नसतं. मी धरलं. खुर्ची, टेबल, टेबलावर घंटी. बाटल्या धुणं बंद.

मालूला सांगितलं, शिमग्याला तुझा नवरा मॅनेजर. ती तांदूळ निवडत होती. खडा सापडला तो बाहेर टाकला आणि म्हणाली, बरं.

नव्या वर्षाचा संकल्प चार दिवस उशिरा का होईना, करतो आहे. बागेची संपूर्ण नवी स्कीम तयार करायची. रोज सकाळी दंड काढायचे. कुणाच्याही मारामारीत पडायचं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

दंड उद्यापासून. थंडी आहे.

'आनंदबाग हितचिंतक मंडळा'ची पहिली सभा चहाच्या दुकानात. सभासद तिघे. मी, दाजी आणि बळीराम. दाजी रिटायर्ड ड्रिलमास्तर. अर्ध्या पनवेलच्या पोटऱ्यांवर त्यांच्या छडीची सही आहे. बळीराम स्टँडवरचा टांगेवाला. दोघेही माझ्यासारखेच बागेचे वेडे, फक्त विचार कमी.

दाजींची सूचना: आधी शिस्त. गिऱ्हाइकांनी दोनदोनच्या रांगेत, पाय जुळवून आत यावं. बळीरामची सूचना: एडक्यांची टक्कर लावावी. दाजी म्हणाले, ही बाग आहे, खाटीकखाना नाही. बळीराम म्हणाला, तिकीट काढून तुमच्या शाळेत कोण येणार, फुकट होती तेव्हाही पोरं पळून जायची. दाजींनी छडी उचलली. बळीरामने बशी उचलली. मी मधे पडलो. संकल्प आठवला तोवर बशी कानाखाली फुटली होती.

माझी सूचना एकमताने मंजूर झाली. दाजी आणि बळीराम तेव्हा एकमेकांचे गळे धरून होते, त्यामुळे विरोध नोंदवण्याच्या स्थितीत कोणी नव्हतं.

सूचना अशी: घोड्यांना वेग पाहिजे. दोन गडी चक्र ढकलतात तेव्हा घोड्यावरचा माणूस वर बसून विडी पेटवतो. ही काय मजा? चक्राला बळीरामच्या टांग्याची घोडी जुंपायची.

१८ जानेवारी, रविवार, संध्याकाळी

पडून लिहितो आहे. पालथा.

सुरुवात शाही झाली. घोडी डौलात निघाली, पब्लिक टाळ्या वाजवू लागलं. मग घोडीने मागे वळून पाहिलं. मागे लाकडी घोडा, डोळे वटारलेला, तिच्या मागे लागलेला. ती पळाली. ती पळाली तसा तोही तेवढ्याच जोरात मागे आला. तो येतोय म्हणून ती आणखी पळाली. हे दुष्टचक्र माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं असं जगनराव म्हणतात. आधी म्हणजे केव्हा? आधी तर चक्र उभं होतं.

एक मारवाडी गृहस्थ सुटले ते चहाच्या किटलीवर. एक तलाठी सुटले ते तळ्यात. बिनमुंडक्याचा घोडा खिळ्यांसकट निघाला आणि बळीरामच्या छातीत बसला. मग जे जे उठू शकत होते त्या सगळ्यांनी मिळून बळीरामला मारलं. बळीराम उठू शकला तेव्हा त्याने मला मारलं. चाबकाने. टांग्याच्या चाबकाला आवाज जास्त आणि मार कमी असतो, असं मी मालूला सांगितलं. तिने पाठीला हळद लावली आणि विचारलं, मॅनेजर झाल्यावर चाबूक तुमच्याकडे असेल की असाच दुसऱ्याकडे?

जगनरावांनी ही आयडिया कोणत्या डोक्यातून निघाली अशी चौकशी केली आणि सापडल्यावर ते डोकं चक्राच्या खांबावर तीनतीनदा आपटून तपासलं. खांब सागाचा आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवून ठेवतो. पब्लिक इतकं ओरडलेलं मी आनंदबागेत कधी ऐकलं नव्हतं. दिशा बरोबर आहे.

२ फेब्रुवारी, सोमवार

आता नागकन्येकडे लक्ष.

नागकन्या म्हणजे गोदू. रोडपालीची आगरी बाई. सकाळी बाजारात मासळी विकते, संध्याकाळी सागाच्या पेटीत बसते. वरच्या भोकातून मुंडकं बाहेर, खाली भुसा भरलेला कापडाचा साप. गिऱ्हाईक बघतं, गोदू जांभई देते, गिऱ्हाईक जातं. मी तिला समजावलं, नागकन्येने फूत्कार टाकले पाहिजेत, डोळे फिरवले पाहिजेत, भविष्य सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, बसायचा बोललाव तं बसलू. फुस-बिस आमाला नाय जमायचा. कलेचं काही ज्ञान नाही.

म्हणून मी पब्लिकला सहभागी करून घ्यायचं ठरवलं. तिकिटात शेपटीला हात लावायची परवानगी. काल रविवारी एका कोट-टोपीवाल्याने शेपटी धरली, ओढली आणि मित्रांकडे बघून हसला.

गोदू पेटीसकट उभी राहिली. पेटी गळ्यात, भुसा गळतोय, आणि तशीच ती चालून गेली. पहिला ठोसा पेटीच्या कोपऱ्याचा. कोट-टोपीवाल्याचा पुढचा दात गेला. मित्र धावले, त्यांना फळ्या बसल्या. शेवटी पेटी फुटली तेव्हा हात मोकळे झाले आणि मग खरं काम सुरू झालं. पनवेलीत एवढ्या कानाखाली एका वेळी वाजलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

मी तिला विचारलं, परवानगी दिली होती ना? ती म्हणाली, शेपटाला हात लावला तो लावला, तिकीट काडून लावला. पर हसला कश्याला?

आज सकाळी तो दात हातात घेऊन दवाखान्यात आला. संध्याकाळी बागेत बऱ्यापैकी माणसं. सगळी विचारत होती, ती बाई पुन्हा किती वाजता मारणार आहे? मी सांगितलं, ही मनोरंजनाची जागा आहे, तमाशाची नाही. माणसं निघून गेली. पब्लिकला वळण लावायला वेळ लागतो.

दंड सोमवारपासून. म्हणजे पुढच्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

स्कीम सापडली. इतकी साधी गोष्ट आणि इतके दिवस सुचली नाही!

भुताचा बंगला.

मुंबईच्या प्रदर्शनात मी स्वतः पाहिलाय. तंबूत मिट्ट काळोख. मधेच पांढरं भूत समोर येतं. माणसं किंचाळत बाहेर पळतात, बायका बेशुद्ध पडतात आणि शुद्धीवर आल्या की पुन्हा रांगेत उभ्या. भीतीसारखा धंदा नाही.

जगनरावांना पटवायला गेलो तेव्हा लांबून बोललो, मधे लाकडाचा ढीग ठेवून. ते म्हणाले, हे शेवटचं. फळ्या दिल्या. चादर मालूची. भूत म्हणून शिवा ठेवला. जासईचा, मिठागरात काम करतो, तालमीत कमावलेलं अंग. नुसता उभा राहिला तरी दरवाजा झाकतो. मी त्याला दोन दिवस 'हाऽऽ' शिकवतो आहे.

बेशुद्ध पडणाऱ्यांसाठी बाहेर एक खाट टाकणार. दवाखान्यातून अमोनियाची बाटली आणली आहे. डॉक्टरांना तूर्त सांगितलेलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

उद्घाटन झालं.

पहिली तुकडी उरणकडची. चंद्रावती नावाची म्हातारी, दोन दांडगे मुलगे, सुना. बाजार करून आलेली. सगळी मंडळी काळोखात शिरली. मी बाहेर अमोनिया उघडून तयार. आतून 'हाऽऽ' आला. क्षणभर शांतता. मग किंकाळी. अशी किंकाळी की तळ्यातले बगळे उडाले. मी जगनरावांकडे पाहून हात जोडले.

किंकाळी शिवाची होती.

त्याचं असं आहे की आपल्याकडे भुतापुढून कोणी पळत नाही. पळालं की ते पाठीवर बसून घरी येतं. म्हणून भूत दिसलं की पायातलं काढायचं आणि हाणायचं. हे पनवेलीच काय, साऱ्या पंचक्रोशीत कडेवरच्या पोरालाही ठाऊक. मलाही आईने हेच शिकवलं होतं. पण प्लॅन करताना डोळ्यापुढे मुंबई होती.

चंद्रावतीने बाजारातून नवी कोरी केरसुणी आणलेली. तिने तिथून सुरुवात केली. सुनांनी खाली पाडला, मुलांनी वहाणा काढल्या. शिवा किती झालं तरी पैलवान गडी. त्याने धाकट्या मुलाला उचललं आणि दोघे भिंतीच्या फळीतून आरपार बाहेर माझ्यासमोर येऊन पडले. धाकट्याचा हात खांद्यातून निखळलेला, शिवाचं नाक एका बाजूला. चादर लाल. खाट उपयोगी पडली. अमोनियाही.

म्हातारी केरसुणी झटकत बाहेर आली. मला म्हणाली, भूत लय बरा हाय. पर पलत नवता. पुन्हा येतू.

जगनराव रांगेकडे बघत होते. आपोआप रांग लागली होती. माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मी उद्याच्या उपायाचा विचार करत होतो.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

उपाय केला. दारावर मोठा बोर्ड: 'भुतास मारू नये. हुकुमावरून.' अक्षर माझंच. सुंदर आलं आहे.

संध्याकाळी ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. काल ज्यांच्या डोक्यात मारायचं आलंही नसतं तेसुद्धा म्हणू लागले, मारू नये लिहिलंय त्या अर्थी आतलं भूत मारता येतं. बाहेर वहाणांचा ढीग. नव्हे, ढीग आत होता. बाहेर अनवाणी माणसं.

शिवाच्या पाठीवर एकाच्या टाचेचा संपूर्ण छाप उमटला आहे. मोची ओळखेल इतका स्पष्ट.

१ मार्च, रविवार

शिवाने काम सोडलं. म्हणाला, मिठागरात ऊन मारतं, पर चपलेनी नाय मारत. गेला.

दाजींनी जबाबदारी अंगावर घेतली. म्हणाले, पोरखेळ चाललाय, भुताला बेअरिंगच नाही. छाती पुढे, आवाज बेंबीतून, बघ कोण हात उचलतो ते.

पहिल्याने चप्पल मारली तेव्हा दाजी सवयीने ओरडले, साऽऽवधान!

झालं. मारणारा त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला. आता जकात नाक्यावर कारकून आहे. तो बाहेर आला, रांगेसमोर उभा राहिला आणि आनंदाने रडत त्याने सगळ्यांना सांगितलं की आत कोण आहे. अर्ध्या तासात पनवेलचे वकील, शिंपी, पोस्टमन, गिरणीवाले, दोन पोलीससुद्धा. जे कुणी शाळा शिकले होते ते सगळे. काहींनी छड्या आणल्या होत्या. एकाने तर म्हणे जुनी शाळेतली पाटी जपून ठेवलेली.

दाजींना मी आणि बळीरामने टांग्यातून घरी नेलं. वाटेत ते एवढंच बोलले की पोरं चांगली तगडी झाली आहेत.

जगनराव आज हसले. टाके पडल्यापासून प्रथमच. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कमळाकरराव, ही तुमचीच आयडिया ना? शिमग्यापर्यंत असंच चाललं पाहिजे. फक्त भूत कमी पडतंय. आणि माझ्या उंचीकडे बघत राहिले.

मॅनेजर होणाऱ्या माणसाला प्रत्येक खात्याचा अनुभव हवा. मी हो म्हणालो. तात्पुरतं.

४ मार्च, बुधवार

पहिला दिवस पार पडला.

चादरीची डोळ्यांची भोकं शिवून टाकली. येताना दिसलं की जास्त लागतं. 'हाऽऽ' करण्याची गरज राहिलेली नाही. मी आत आहे एवढं लोकांना पुरतं. कोल्हापुरीचा मार घट्ट, मोटारीच्या टायरच्या वहाणेचा पसरट. लाकडी खडाव एका भटजींनी आणली होती. भटजी!

मालूने विचारलं, ओठ का सुजला? शिडीवरून पडलो. पाठ? शिडी माझ्यावर पडली. तिने विचारलं, बागेत तुमचं काम नेमकं काय? मी सांगितलं, आतली व्यवस्था. तिने हळदीची वाटी पुढे ओढली. मग म्हणाली, चादर आणाल तेव्हा धुवायला टाका.

८ मार्च, रविवार

आज मी उलट मारायचा प्रयत्न केला. एक जाडा गृहस्थ चप्पल उगारून थकला, थांबला, विडी पेटवली आणि पुन्हा सुरू झाला. माझा संयम सुटला. मी त्याचं नाक धरलं. तो ओरडला तशी मागची सगळी रांग एकदम आत घुसली, बंगल्याचं छप्पर खाली आलं आणि मग काळोखात कोण कोणाला मारतं हे कोणालाच कळेना. मी छपराखाली होतो. तिथे फारसं लागलं नाही. आजची सगळ्यात शांत पाच मिनिटं.

बाहेर निघालो तेव्हा माणसं रक्ताळलेल्या तोंडाने एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. एक म्हणाला, असली मजा मुंबईत बी नाय.

पाहा! मुंबईला मागे टाकलं.

१४ मार्च, शनिवार

गावागावांत पसरलं आहे की शिमग्याआधी आनंदबागेतल्या भुताला स्वतःच्या वहाणेने मारलं की वर्षाची इडापिडा टळते. हे कोणी उठवलं ते माहीत नाही. मी नाही. जगनराव म्हणतात, तेही नाही. पण सांगताना जमिनीकडे बघतात. बैलगाड्या येतात. ज्यांच्या घरी दुखणं आहे ते जास्त जोरात मारतात. त्यांच्यावर मला राग धरवत नाही.

दाराशी गोदूला उभं केलं. नागकन्येची पेटी फुटल्यापासून ती रिकामीच होती. रांगेत घुसणाऱ्याच्या कानशिलात ती अशी देते की तो आपणहून शेवटी जाऊन उभा राहतो. तिने नियमही केले. खिळ्याचे बूट बंद. खडाव बंद. डोक्यात मारायचं नाय. एकाने हुज्जत घातली, तिकीट माझं, भूत माझं. तिने त्याला मानेला धरून तळ्यात घातला आणि तो वर आल्यावर सांगितलं, मानूस हाय तो आत, फनस नाय.

तिची कामातली धमक चांगली आहे. मॅनेजर झाल्यावर तिला माझी असिस्टंट करीन.

१९ मार्च, गुरुवार

दवाखान्यात मिक्श्चरची बाटली हातातून पडली. मग दुसरी. उजवा हात वर जात नाही, डावा खाली येत नाही. डॉक्टरांनी मला टेबलावर झोपवलं आणि कुठे कुठे लागलंय हे मी न सांगताच बरोबर त्या त्या जागी बोट ठेवलं. बरगडीखाली, कमरेवर, डाव्या मांडीच्या मागे. निदान असावं तर असं! काल संध्याकाळी त्या तिन्ही ठिकाणी ज्याने मारलं त्याच्या वहाणा कुरकुरत होत्या. आज डॉक्टर चालताना तसाच आवाज येत होता. पनवेलीत सगळे एकाच मोच्याकडे जातात.

दंडाचा संकल्प रद्द. व्यायाम भरपूर होतो आहे.

२४ मार्च, मंगळवार. होळी

आज जगनरावांनी जाहीर केलं.

होळीपाशी सगळे जमले होते. घोडे वाचले. हे आधी लिहितो, कारण ही चांगली गोष्ट आहे. चक्र, पाळणा, सगळं राहणार. बिनमुंडक्याच्या घोड्याला नवं मुंडकं बसणार. जगनराव खुर्चीवर उभे राहून म्हणाले की ही गर्दी ज्या एका माणसामुळे झाली, जो रोज दाराशी पाय रोवून उभा राहिला, त्या माणसाला मी आजपासून मॅनेजर करतो.

मी पुढे झालो. दाराशी हा शब्द तेव्हा नीट ऐकला नव्हता.

गोदू खुर्चीत बसली. जगनरावांनी स्वतः घंटी आणून दिली. तिने ती एकदा वाजवून बघितली, आणि गर्दी गप्प झाली. माझ्याकडे बघून म्हणाली, कंपौंडर, तुमी काय मनाला लावून घेव नका. तुमचा काम तुमच्याबिगर कोनाला जमायचा नाय.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाजीही आले होते, काठी टेकत. बळीरामही. मी चादर काखेत धरून उभा होतो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? फार वाईट वाटलं. बोंबा मारायचा सण होता म्हणून बरं, मी काय म्हणून बोंबललो ते कोणाला कळलं नाही.

मालूला सांगितलं की मॅनेजरची जागा मी नाकारली. हिशेबाचं काम, कटकट. मी टेक्निकल बाजू सांभाळणार. ती म्हणाली, बरं.

२५ मार्च, बुधवार. धुळवड

सकाळी दवाखान्यात गेलो. माझ्या जागी काशीराम नावाचा नवा माणूस बाटल्या धुत होता. डॉक्टर म्हणाले, कमळाकर, तुझ्या हाताला आता विश्रांती हवी, आणि संध्याकाळी तर तू कामात असतोसच. ते जरा घाईत होते.

म्हणजे आता बागच. मी भूत म्हणून कायम झालो.

संध्याकाळी धुळवडीची गर्दी. दारू प्यायलेले, रंगलेले, ढोल वाजवत आलेले. शेवटी शेवटी मला अंग आपलं आहे असंही वाटेना. मग ढोल थांबला आणि आमच्या आळीतल्या बायकांचा आवाज आला. भोकं शिवलेली, दिसत काही नव्हतं. गोदू बाहेर म्हणत होती, एकेकीनं जावा, दमानं. बायका हळू मारतात हा माझा समज पहिल्या दोघींनी घालवला.

मग एक जण आली. बांगड्या ओळखीच्या. चालही. हळदीचा आणि धुतल्या चादरीचा वास. मालू.

मला गंमत वाटली. हिला काय माहीत आत कोण आहे! म्हटलं, हळूच 'हाऽऽ' करावं, घाबरवावं. तेवढ्यात पहिली बसली. मग दुसरी. मग ती थांबेचना. तांदूळ निवडते तसं, एकही जागा न सोडता. आणि हसत होती. लग्नाला नऊ वर्षं झाली, मालूला इतकं मोकळं हसताना मी ऐकलं नव्हतं. चांगलं हसते. मी मार खात खात ऐकत राहिलो.

सगळं पनवेल भुताला अरे-तुरे करतं. भटजी, पोलीस, पोरंटोरंसुद्धा.

पुढची बाजू संपल्यावर मालू दम खायला थांबली. घाम पुसला असावा. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, अहो, जरा वळा.

मी वळलो.